वेळ द्या म्हणजे नेमकं काय द्या?

मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या माणसाला दोन विषयांवर मत असावंच लागतं. एक पाऊस आणि दुसरा फुटबॉल. पावसाबद्दल फारसं दुमत होत नाही. फुटबॉलबद्दल मात्र चार माणसांत पाच मतं असतात, आणि पाचवं मत त्याचं असतं ज्याने कालचा सामना पाहिलेलाच नाही.

मी इथे पीएच.डी. करायला आलो तेव्हा माझं फुटबॉलचं ज्ञान 'गोल झाला की टाळ्या वाजवायच्या' एवढंच होतं. पुढे पदवी मिळाली, इथेच संशोधनाची नोकरी लागली, आणि वर्कशॉपमधल्या मंडळींबरोबर जेवता जेवता मीही मँचेस्टर युनायटेडच्या नादी लागलो. माझं काम यंत्रांच्या नियंत्रण प्रणालींवर आहे. म्हणजे चालू यंत्राची एखादी सेटिंग बदलली की ते आधी किती डचमळतं, मग स्थिरावतं का, आणि स्थिरावलंच तर आपल्याला हवं तिथे स्थिरावतं की भलतीकडेच, हे मोजायचं. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२६ या चौदा महिन्यांत युनायटेडमध्ये जे घडलं आणि त्यावर इथल्या लोकांनी जो वाद घातला, त्याकडे मी थोडं धंद्याच्या नजरेनेही बघत होतो. त्या वादात दोन्ही बाजू चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारत होत्या, असं माझं मत आहे. ते का, ते सांगतो.

ज्यांना हा सगळा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात हकिकत. सर ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाले. त्यानंतर डेव्हिड मॉइज, लुई व्हान हाल, जोझे मोरिन्यो, ओले गुन्नार सोल्शार, एरिक टेन हाग असे पाच कायमचे मॅनेजर आले आणि गेले. (कायमचे हा शब्द इथे फक्त करारापुरता घ्यायचा.) २८ ऑक्टोबर २०२४ ला टेन हाग यांना नारळ मिळाला तेव्हा संघ लीगमध्ये चौदावा होता. त्यांच्या जागी लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचे रुबेन अमोरिम आले. वय एकोणचाळीस, बोलायला मोकळे, आणि कामगिरी दणदणीत. स्पोर्टिंगला त्यांनी २०२०-२१ मध्ये १९ वर्षांनी पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं होतं, २०२३-२४ मध्ये पुन्हा दिलं. इकडे यायच्या काही दिवस आधी, ५ नोव्हेंबरला, त्यांच्या स्पोर्टिंगने चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर सिटीला ४-१ असं धुतलं. शेजाऱ्याला असा चोप देणारा माणूस आपल्याकडे येतोय म्हटल्यावर युनायटेडवाल्यांचा आनंद काय वर्णावा! आमच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या दिवशी चहाबरोबर केक होता.

अमोरिम यांच्याबरोबर त्यांची रचनाही आली. इथून पुढे आकडे येणार आहेत, पण घाबरू नका. फुटबॉलमध्ये गोलकीपर सोडून उरलेल्या दहा जणांची मांडणी मागून पुढे आकड्यांत सांगतात. टेन हाग यांचा संघ साधारणपणे ४-२-३-१ खेळायचा. म्हणजे मागे चार बचावपटू, त्यांच्यापुढे दोन, मग तीन आणि सगळ्यात पुढे एक. यात डाव्या-उजव्या कडेला दोन दोन माणसं असतात, एक बचावाला आणि एक चढाईला. अमोरिम यांची रचना ३-४-२-१. मागे तीन, मध्ये चार, पुढे आतल्या बाजूला दोन आणि टोकाला एक. मधल्या चारांपैकी कडेचे दोघे म्हणजे विंग-बॅक. आपला संघ चढाई करतो तेव्हा त्यांनी पार समोरच्या कोपऱ्यापर्यंत जायचं आणि चेंडू गेला की मागे धावत येऊन बचावात उभं राहायचं. म्हणजे १०५ मीटर लांबीच्या मैदानाची एक अख्खी कड एकाच माणसाच्या गळ्यात. आणि मध्यभागी उरतात फक्त दोघे. समोरच्या संघाने तिथे तीन माणसं उभी केली की दोघांना तिघांशी झुंजावं लागतं.

ही रचना वाईट नाही. जमली तर चढाईत पाच माणसं एका ओळीत उभी राहतात आणि समोरच्यांची भंबेरी उडते. पण तिला विशिष्ट जातीची माणसं लागतात. दमदार विंग-बॅक, आणि मध्यभागी प्रचंड धावणारे दोघे. युनायटेडकडे होते काय? गार्नाचो, रॅशफर्ड, अँटनी असे कडेने पळणारे विंगर, ज्यांना या रचनेत जागाच नाही. आणि मध्यभागी तिशी ओलांडलेले कासेमिरो आणि तिशीला टेकलेले ब्रुनो फर्नांडिस. दोघेही नामांकित, पण दिवसभर तिघांचा पाठलाग करण्याचं वय नाही आणि स्वभावही नाही.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. २०२४-२५ च्या लीगमध्ये संघ ४२ गुण मिळवून पंधरावा आला. १९७४ साली संघ खालच्या विभागात ढकलला गेला होता, त्यानंतरची ही सर्वांत वाईट जागा. २१ मे २०२५ ला बिलबाओमध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना टॉटनहॅमकडून ०-१ हरले. ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाउनने लीग कपमधून बाहेर काढलं, २-२ बरोबरीनंतर पेनल्टींवर १२-११. मग ऑक्टोबरमध्ये ॲनफील्डवर लिव्हरपूलला २-१ हरवलं, तिथे लीगमध्ये जवळपास दहा वर्षांनी मिळालेला विजय. आणि ५ जानेवारी २०२६ ला अमोरिम यांनाही निरोप दिला गेला.

या काळात इथे दोन पक्ष पडले. एक 'वेळ द्या' पक्ष आणि दुसरा 'चार लावा' पक्ष.

'चार लावा'वाल्यांचं म्हणणं सोपं. मागे चार माणसं लावा, विंगरांना कडेने पळू द्या, युनायटेडचा हाच खेळ आहे. ही मागणी काही नवी नाही. व्हान हाल यांच्या वेळीही संघ तीन बचावपटू लावून खेळायचा, आणि जानेवारी २०१५ मध्ये लंडनला क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात युनायटेडच्याच पाठीराख्यांनी स्टँडमधून 'फोर-फोर-टू'चा घोष लावला होता. सामना चालू असताना रचना बदलली, आणि युनायटेड २-०ने जिंकलं. तरीही सामन्यानंतर व्हान हाल म्हणाले ते असं, की चार लावल्यावर मला बाकावर धड बसवत नव्हतं, कारण संघाचा तोल जातो. लोक खूश, गुण खिशात, आणि मॅनेजर अस्वस्थ! हे दृश्य मला फार बोलकं वाटतं. पाठीराख्याला निकाल दिसतो, मॅनेजरला तोल. दोघेही खोटं बोलत नसतात.

'वेळ द्या'वाल्यांचा युक्तिवाद जास्त भारदस्त. आमच्या वर्कशॉपमधले एक बुजुर्ग तंत्रज्ञ या पक्षाचे. सत्तरच्या दशकापासून सीझन तिकीट. ग्रिम्सबीच्या पराभवानंतर मी त्यांना डिवचलं, "काय हो, अजून किती वेळ द्यायचा?" त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरा, फर्गीलासुद्धा लोक काढाच म्हणत होते. मीही म्हणत होतो. बरं झालं कोणी ऐकलं नाही."

हा युक्तिवाद युनायटेडच्या गावात ब्रह्मवाक्य आहे, म्हणून जरा तपासून बघू. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. १९८८-८९ मध्ये संघ अकरावा, १९८९-९० मध्ये तेरावा. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर 'तीन वर्षं नुसत्या सबबी' अशा अर्थाचा फलक झळकला होता. मग १९९० मध्ये एफए कप मिळाला, १९९३ मध्ये २६ वर्षांनी लीग मिळाली, आणि पुढे एकूण तेरा वेळा मिळाली. सगळं खरं आहे. पण यातून 'वेळ दिला की यश येतं' हे सिद्ध होत नाही. ज्यांना वेळ दिला आणि काहीच झालं नाही अशा मॅनेजरांवर पुस्तकं निघत नाहीत, त्यांचे पुतळे उभारत नाहीत. आपल्या डोळ्यांसमोर फक्त तरलेला माणूस असतो. आमच्याकडे एखाद्याने एका यशस्वी नमुन्यावरून असा निष्कर्ष काढला तर त्याचा शोधनिबंध तपासनीस पहिल्याच पानावरून परत पाठवतात.

आणि दुसरं म्हणजे, फर्ग्युसन यांच्या त्या तीन वर्षांत निकाल वाईट होते, पण बाकी काहीच दिसत नव्हतं असं नाही. मुलं हेरणाऱ्या माणसांचं जाळं त्यांनी नव्याने विणलं होतं. रायन गिग्ज चौदा वर्षांचा झाला तेव्हाच, १९८७ मध्ये, त्याला क्लबमध्ये ओढलं होतं. १९८९ मध्ये पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड या लाडक्या खेळाडूंना लोकांचा रोष पत्करून जाऊ दिलं होतं. म्हणजे ज्यांनी तेव्हा त्यांना ठेवलं, त्यांना गुणतक्त्याच्या पलीकडे दाखवण्यासारखं काहीतरी होतं. नुसतं कॅलेंडर उलटायची वाट ते बघत बसले नव्हते.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे. चालू यंत्रणेची सेटिंग बदलली की दोन प्रकारच्या चुका दिसतात. पहिली, बदलाच्या धक्क्याने होणारी डचमळ. ही आपोआप शमते. इथे घाई करून पुन्हा सेटिंग बदललीत तर डचमळ वाढते, आणि दर दोन मिनिटांनी खुंटी पिळत राहिलात तर यंत्र कधीच स्थिरावत नाही. 'वेळ द्या'वाले जे म्हणतात ते या चुकीला तंतोतंत लागू आहे. पण दुसऱ्या प्रकारची चूक यंत्र स्थिरावल्यावरही उरते. ती रचनेतच असते. तिथे तासभर थांबा नाहीतर वर्षभर, काटा त्याच चुकीच्या आकड्यावर उभा. वाट बघणं हे पहिल्या चुकीवरचं औषध आहे. दुसऱ्या चुकीवर ते नुसतं कालहरण.

मग या दोन चुका ओळखायच्या कशा? निकालावरून नाही. निकालात नशीब फार असतं. एक चेंडू खांबाला लागून आत जातो, एक बाहेर. ओळखायचं ते चुकीच्या जातीवरून. डचमळ असेल तर चुका दर आठवड्याला वेगळ्या असतात आणि हळूहळू कमी होतात. रचनेतली चूक असेल तर त्याच जागी तेच भोक पुन्हा पुन्हा पडतं. अमोरिम यांच्या संघात मधल्या दोघांच्या आजूबाजूची मोकळी जागा २०२४ च्या डिसेंबरमध्ये होती, आणि एक अख्खा उन्हाळा, सरावाचे आठवडे आणि २० कोटी पौंडांहून जास्त खरेदी झाल्यावर २०२५ च्या डिसेंबरमध्येही होती. त्या खरेदीत कुन्हा, म्ब्यूमो, शेश्को असे पुढे खेळणारे आले. मध्यभागासाठी पहिल्या संघात थेट खेळेल असा एकही आला नाही. भोक मध्ये होतं आणि ठिगळ पुढे लावलं.

कोणी म्हणेल, हीच रचना दुसरीकडे चालली की! चालली ना. २०१६ मध्ये अँटोनियो कॉन्ते चेल्सीला आले. सुरुवातीला चार बचावपटूच लावत होते. २४ सप्टेंबरला आर्सेनलकडून मध्यंतरालाच तीन गोल खाल्ले, तेव्हा त्यांनी त्याच सामन्यात तीन बचावपटूंची मांडणी केली. सामना हरले, पण त्यानंतर लीगमध्ये सलग तेरा विजय आणि अखेरीस ९३ गुणांसह विजेतेपद. जादूच वाटते. पण हिशेब बघा. आधीच्या वर्षी चेल्सी दहावे आले होते, त्यामुळे त्यांना त्या मोसमात युरोपातले सामनेच नव्हते. इतर संघ मंगळवार-बुधवारी विमानात बसत तेव्हा कॉन्ते मैदानावर सराव घेत. व्हिक्टर मोझेस नावाच्या विंगरला त्यांनी विंग-बॅक केलं आणि तो त्यात फुलला. आस्पिलिक्वेटा कडेवरून मागच्या तिघांत आला. आणि मध्ये होता कान्टे, जो एकटाच दोघांएवढा धावायचा. तिथे आधी माणसं बघितली आणि त्यांना बसेल असा अंगरखा शिवला. इथे आधी अंगरखा आला, तोही मोसमाच्या मध्यावर, आणि ज्यांना बसला नाही त्यांना घराबाहेर काढलं. रॅशफर्ड आधी ॲस्टन व्हिलाला आणि मग बार्सिलोनाला, अँटनी स्पेनमध्ये बेटिसला, गार्नाचो चेल्सीला. कॉबी मेनू हा इथल्याच अकादमीतला मुलगा तर २०२५-२६ च्या मोसमात अमोरिम असेपर्यंत लीगच्या एकाही सामन्यात सुरुवातीपासून खेळला नाही.

आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नसावी. २००५ मध्ये ग्रेग चॅपेल भारतीय क्रिकेट संघाचे प्रशिक्षक झाले आणि फलंदाजीचा क्रम हलवायला लागले. त्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध इरफान पठाण तिसऱ्या क्रमांकावर आला आणि ८३ धावा ठोकून गेला. सगळीकडे वाहवा. मार्च २००७ मध्ये आपण वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकातून पहिल्याच फेरीत घरी आलो तेव्हा त्याच प्रयोगांना सगळ्यांनी शिव्या घातल्या. नागपूरची वाहवा जशी एका निकालावर होती तशाच त्या शिव्याही. प्रयोगाच्या मागे विचार काय होता आणि तो कुणाला झेपणार होता, हे ना तेव्हा कोणी विचारलं ना नंतर.

एका निकालावरून शहाणं होण्याचा मोह किती वाईट, हे टॉटनहॅमने तर दाखवूनच दिलं. त्यांचे मॅनेजर अँजी पोस्टेकोग्लू म्हणजे काहीही झालं तरी पुढे जाऊनच खेळणार अशी ख्याती. बिलबाओच्या त्या अंतिम सामन्यात मात्र त्यांनी आपला हट्ट बाजूला ठेवला, एक गोल केला आणि मग सगळा संघ मागे ओढून किल्ला लढवला. कप जिंकला. आणि सोळा दिवसांनी त्यांना काढलं, कारण लीगमध्ये संघ सतरावा होता. ज्याने डाव बदलून कप जिंकला तो घरी गेला, आणि ज्याने डाव न बदलता तो गमावला तो खुर्चीवर राहिला. या निर्णयांपैकी कोणता बरोबर आणि कोणता चूक हे बाजूला ठेवा. पण 'जिंकेल तो टिकेल' हा नियम खरा नाही एवढं तरी यातून कळावं.

अमोरिम यांच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. त्यांनी कधी लपवाछपवी केली नाही. आपण कसं खेळतो हे त्यांनी चार वर्षं लिस्बनमध्ये उघड्या मैदानावर दाखवलं होतं. मोसम संपल्यावर येतो असं ते म्हणत होते, पण आत्ता नाहीतर कधीच नाही असं सांगण्यात आलं, हेही त्यांनी जाहीरपणे सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये, खुद्द पोप आले तरी मी रचना बदलणार नाही असं ते म्हणाले तेव्हा लोक हसले. पण त्यात एक तर्क आहे. दर पराभवानंतर डाव बदलणाऱ्या मॅनेजरवर खेळाडू विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी एकदा बदल करूनही पाहिला. २६ डिसेंबरला न्यूकॅसलविरुद्ध चार बचावपटू लावले, १-० जिंकले. पुढच्याच सामन्यात पुन्हा तीन, आणि तळाला असलेल्या वुल्व्ह्जशी १-१. 'चार लावा'वाल्यांनी त्या आठवड्यात आकाशपाताळ एक केलं. मला मात्र तेव्हा तो माणूस हट्टी कमी आणि अडकलेला जास्त वाटला. ज्या एका गोष्टीसाठी तुम्हाला नेमलं, तीच सोडायची तर तुम्ही तिथे आहात कशाला?

आणि इथेच खरा प्रश्न येतो, जो दोन्ही पक्षांनी विचारला नाही. समजा एका कारखान्याने एक यंत्र मागवलं. यंत्राच्या पत्रकात स्वच्छ लिहिलंय की याला अमुक एवढा पाया लागतो. कारखान्याचा पाया वेगळ्या मापाचा. यंत्र आलं, बसवलं, हादरायला लागलं. आता कामगारांमध्ये वाद: यंत्राला वेळ द्यावा की यंत्र बदलावं? अहो, पण ऑर्डर कोणी दिली? पत्रक कोणी वाचलं? पाया कोणी मोजला? की मोजलाच नाही?

युनायटेडच्या वरच्या मंडळींनी जुलै २०२४ मध्ये टेन हाग यांचा करार वाढवला, उन्हाळ्यात त्यांच्या पसंतीचे खेळाडू घेऊन दिले, लीगचे नऊ सामने झाल्यावर त्यांना काढलं, आणि मग त्या खेळाडूंना न बसणारी रचना घेऊन येणारा माणूस भर मोसमात आणला. यातली एकही गोष्ट अमोरिम यांनी केली नव्हती. तरी चौदा महिने चर्चा कशाची? तीन की चार! मॅनेजर हा दर आठवड्याला कॅमेऱ्यासमोर येणारा माणूस, म्हणून राग त्याच्यावर. निवड करणारे काचेच्या मागे बसतात, त्यांना कोणी घोष करून विचारत नाही. खरं तर मॅनेजर बदलणं ही त्यांच्यासाठी सोयच आहे. दर वेळी पाटी पुसली जाते, आणि पुसणारा हात मात्र तोच राहतो.

हे फुकटचं नाही बरं का. टेन हाग, त्यांचे सहकारी आणि पाच महिन्यांतच गेलेले क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ यांच्या जाण्यापायी क्लबच्या हिशेबात १ कोटी ४५ लाख पौंड खर्च पडला. त्याच काळात क्लबने २०२४ मध्ये सुमारे २५० नोकऱ्या कमी केल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी दीडशे ते दोनशे कमी करणार असं जाहीर केलं. कर्मचाऱ्यांचं मोफत जेवण बंद झालं. मोसम चालू असतानाच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, लहान मुलांना आणि पेन्शनरांना सवलत नाही. तिकीट खिडकीवरच्या बाईने किंवा स्वयंपाकघरातल्या माणसाने कधी ३-४-२-१ मागितलं नव्हतं. वरच्यांनी मोजमाप न करता दिलेल्या ऑर्डरीचं बिल त्यांनी भरलं. आमच्या तंत्रज्ञांचा नातू आठ वर्षांचा आहे, त्याला मैदानावर नेणं त्यांना आता दर वेळी परवडत नाही. त्यांना मॅनेजरबद्दल तास तास बोलताना मी ऐकलंय. तिकिटाबद्दल ते एकच वाक्य बोलतात आणि गप्प होतात.

जानेवारी २०२६ मध्ये जुना खेळाडू मायकेल कॅरिक मोसमापुरता मॅनेजर म्हणून आला. त्याने मागे चार लावले, मेनूला मध्यभागी आणलं, आणि पहिल्याच दोन सामन्यांत सिटीला २-० आणि आर्सेनलला त्यांच्या मैदानावर ३-२ हरवलं. 'चार लावा'वाले रस्त्यावर नाचायचेच बाकी होते. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण मला लगेच २०१८ चा डिसेंबर आठवला. सोल्शार असेच हंगामी म्हणून आले होते आणि पहिले आठ सामने ओळीने जिंकले होते. मार्च २०१९ मध्ये त्यांना कायम केलं, आणि त्यानंतर गाडी घसरली ती मोसमाअखेर संघ सहावा. ओझं उतरलं की कुठलंही यंत्र काही काळ हलकं चालतं. ती नव्या चालकाची करामत की नुसतं उतरलेलं ओझं, हे पहिल्या काही आठवड्यांत कोणालाही सांगता येत नाही. निवड करणाऱ्यांनी निदान आता तरी मोजावं एवढंच म्हणणं.

म्हणून पाठीराख्यांना माझं सांगणं असं. 'वेळ द्या' म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण सोबत विचारा की वेळ कशासाठी, आणि मधल्या काळात कुठली चूक कमी होताना दिसायला हवी? 'बदला' म्हणायचं असेल तर तेही म्हणा, पण विचारा की पुढचा माणूस निवडताना हाताशी असलेले खेळाडू कोणी मोजलेत का? आणि हे दोन्ही प्रश्न मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला नका विचारू. त्याच्या डोक्यामागे, वरच्या मजल्यावर, काचेच्या मागे जे बसलेत त्यांना विचारा. घोष करायला 'फोर-फोर-टू' सोपं आहे हे मान्य. 'पाया कोणी मोजला' याला तेवढी चाल लागत नाही. पण ओल्ड ट्रॅफर्डवर ७४ हजार माणसं बसतात. त्यांनी मनावर घेतलं तर चालही सापडेल.